वजीर नावाची पाठराखीण

रविवारी दुपारी पोटभर जेवून यज्ञेश्वर पागनीस काखेत उशी मारून स्वतःच्याच पलंगापाशी उभा होता. पलंगावर त्याची बायको चारुलता भिंतीला टेकून विणत बसली होती आणि तिच्या शेजारी, म्हणजे अग्नीच्या आणि ब्राह्मणांच्या साक्षीनं जी जागा यज्ञेश्वरला मिळाली होती तिथं, वजीर पाय ताणून पसरला होता.

"ए, सरक ना रे जरा," यज्ञेश्वर म्हणाला.

वजीरनं एक डोळा उघडला, घशातल्या घशात गुरगुर केली आणि तो डोळा पुन्हा मिटला.

"अहो, झोपू द्या ना त्याला," चारू म्हणाली. "रात्रभर जागून राहिला होता बिचारा."

"तो कशाला जागत होता?"

"तुम्ही घोरत होता. त्याला वाटलं, घरात कुणी शिरलंय."

यज्ञेश्वर उशी घेऊन ओसरीवर झोपायला गेला.

वजीर हा कुत्रा होता. अर्धा शिकारी जातीचा, अर्धा गल्लीतला, पण अंगापिंडानं असा की पाहुणे दारातूनच क्षेमकुशल विचारून परत जात. त्याला हाडहाड करायचीही सोय नव्हती, कारण तो सासरकडचा होता. चारूचे वडील बापूसाहेब ग्वाल्हेर दरबारच्या शिकारखान्यात अधिकारी होते. संस्थान विलीन झालं, शिकारखाना बंद पडला, आसपासच्या वाघांना हायसं वाटलं, आणि बापूसाहेबांपाशी हुकूम सोडायची सवय तेवढी शिल्लक राहिली. ती त्यांनी एका पिल्लावर भागवली. "ये" म्हटलं की यायचं, "बस" म्हटलं की बसायचं, "ऊठ" म्हटलं की उठायचं. सगळा कारभार शुद्ध मराठीत आणि खणखणीत आवाजात. यज्ञेश्वरसारखं "ए, ये ना रे, बस ना रे" असं विनवणीच्या सुरात कुणी बोललं तर ते आपल्याशी नव्हेच, असं वजीर समजत असे.

आपल्यात नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते. चारूची आत्या विनोदिनीबाई त्यासाठी नवं लुगडं नेसून, पानाचा डबा भरून तयार होती. पण ऐन निघायच्या वेळी वजीर मोटारीत चारूच्या पायाशी जाऊन बसला आणि आत्याबाईंना पाय ठेवू देईना. "राहू दे, तोच जाईल पाठराखीण म्हणून," बापूसाहेब म्हणाले. वऱ्हाड पोट धरून हसलं. यज्ञेश्वरही हसला होता. पाठराखीण चार दिवस राहते, साडीचोळी घेते आणि परत जाते. वैशाखात उज्जैनला आलेली ही पाठराखीण मात्र दसरा उलटला तरी हलायचं नाव घेत नव्हती.

चारू स्वयंपाकघरात गेली की वजीर उंबऱ्यावर. चारू न्हाणीघरात गेली की वजीर बाहेर, पाण्याच्या आवाजाकडे कान लावून. यज्ञेश्वरनं एकदा गोपाळ मंदिरापाशी मोगऱ्याचा गजरा घेतला, घरी येऊन बायकोच्या अंबाड्यात माळायला हात पुढे केला, आणि मधे वजीरचं थोबाड आलं. गजरा वजीरनं खाल्ला. दोघं टांग्यातून फ्रीगंजला कापड घ्यायला निघाली तर मागच्या बैठकीवर चारू आणि वजीर बसले आणि यज्ञेश्वर टांगेवाल्याशेजारी. टांगेवाल्यानं त्याला विडी देऊ केली आणि आपुलकीनं विचारलं, "आप मेमसाब के यहाँ काम करते हो?"

यज्ञेश्वरच्या आईला, अंबिकाबाईंना, वेगळीच काळजी होती. वजीरमुळे दूधवाला आत येत नव्हता. तो फाटकातून "ये लो माँजी, दूध!" म्हणून ओरडला की वजीर बाणासारखा त्याच्याकडे सुटायचा आणि दूधवाला चरवी तिथंच टाकून पळायचा. "ह्या मेल्याचं दूधवाल्याशी काय वैर आहे, काही समजूनच नाही राहिलं," अंबिकाबाई म्हणत. पण त्यांची खरी काळजी दुधाची नव्हती.

"यज्ञू," एकदा त्या मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला नातवाचं तोंड पाहायचंय. ह्याचं रोज सकाळी पाहून पाहून मी परेशान झाली आहे."

"मी काय करू, आई?"

"म्हणजे? ते पण आता मी सांगू?"

यज्ञेश्वरनं धीर करून बायकोपाशी विषय काढला. वजीरला थोडे दिवस ग्वाल्हेरला पाठवलं तर? तिकडे बापूसाहेबांना सोबत होईल, थंड हवा मिळेल. चारूच्या हातातल्या सुया थांबल्या, डोळे भरले.

"तुम्हाला माझ्या माहेरचं काहीच नको आहे का?"

विषय तिथंच मिटला. यज्ञेश्वरचा बायकोवर मनापासून जीव जडला होता. तिचं हसणं, तिचं विणताना ओठ आवळून धरणं त्याला फार आवडायचं. पण हे तिला सांगायचं तर जवळ बसायला हवं, आणि जवळ बसण्याची जागा भरलेली होती.

तशात छप्पन सालचा नोव्हेंबर जवळ आला. मध्य भारत नावाचं राज्य बुडणार होतं, नवं मोठं मध्य प्रदेश होणार होतं, आणि राजधानी भोपाळला जाणार होती. उज्जैनच्या कोठी महालातल्या कचेऱ्यांत, जिथं यज्ञेश्वर कारकून होता, रडारड सुरू झाली. ज्या टेबलांना लोक वर्षानुवर्षं शिव्या देत आले होते त्या टेबलांवर आता त्यांचा जीव जडला. कुणी खुर्चीवर खडूनं नाव घातलं, कुणी दौत घरी नेली, आणि श्रीधर टोपे नावाच्या कारकुनानं तर क्षिप्रेशिवाय दुसरं पाणी आपल्याला पचतच नाही म्हणून जाहीर करून टाकलं. ह्या गृहस्थाच्या घरी विहीर होती.

भोपाळला जागा नव्हती. बदलून जाणाऱ्या कारकुनांना बराकीतल्या एकेका खोलीत तिघं तिघं कोंबणार होते. बायकामुलं मागेच ठेवायची. हे ऐकून यज्ञेश्वरनं हातातली लेखणी खाली ठेवली. तो भोपाळच्या बराकीत आणि चारू उज्जैनला, वजीरच्या ताब्यात! लग्न त्याचं झालं होतं, संसार मात्र वजीर करणार होता.

कोण जाणार नि कोण राहणार हे दुबेसाहेबांच्या हातात होतं. दुबेसाहेब जबलपूरकडचे, आवाज ढोलासारखा. ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत हुकूम सोडत आणि कचेरी ते शांतपणे ऐकून आपल्या कामाला, म्हणजे चहाला, लागे.

"साहेबांना घरी चायला बोलव," श्रीधरनं सल्ला दिला. "बिचाऱ्याला इथं कुणी विचारून नाही राहिलं. आईच्या हातचं काही खाऊ घाल. भोपाळच्या यादीतून नाव कटलंच समज."

शनिवारी संध्याकाळी दुबेसाहेब आले. अंबिकाबाईंनी साटोऱ्या केल्या होत्या. वजीरला मागच्या धान्याच्या खोलीत घालून कडी लावली होती आणि दारापुढे गव्हाची कोठी सरकवली होती. चारूनं त्याला दाराबाहेरून समजावलंही होतं. साहेब बैठकीत लोडाला टेकले, यज्ञेश्वर समोर अंग चोरून बसला, आणि चारूनं डोक्यावर पदर घेऊन बशी पुढे ठेवली.

दुबेसाहेबांनी साटोरी हातात घेतली, उलटसुलट केली आणि आपल्या नेहमीच्या ढोलाच्या आवाजात विचारलं, "ये! ये क्या चीज़ है, माताजी?"

मागच्या खोलीत काहीतरी धाडकन आदळलं.

"ये तो बहुत बढ़िया है! ये कैसे बनता है?"

कडी उचकटल्याचा आवाज आला, कोठी आडवी झाली, आणि दुसऱ्या क्षणी पायांना गहू चिकटलेला वजीर बैठकीच्या दारात उभा राहिला. ग्वाल्हेर सोडल्यापासून इतक्या दणदणीत आवाजात, इतक्या वेळा, त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

दुबेसाहेबांनी साटोरी छातीशी धरली. "ये... ये क्या... ये किसका कुत्ता..."

प्रत्येक "ये"ला वजीर एकेक पाऊल पुढे येत होता. शेवटच्या "ये"ला त्यानं पुढचे दोन्ही पाय साहेबांच्या मांडीवर ठेवले आणि आज्ञेची वाट पाहत त्यांच्या तोंडाकडे टक लावली. यज्ञेश्वरनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे त्याला भोपाळची बराक स्वच्छ दिसली.

"बस!" साहेब किंचाळले. "बस, बस, बस!"

वजीर बसला.

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग वजीरकडे.

"अरे, ये तो मान गया!"

वजीर उठून पुन्हा मांडीवर आला.

"बस!"

वजीर बसला.

दुबेसाहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. सबंध नोकरीत कुणी त्यांचं ऐकलं असेल तर ते आज. "पागनीसजी," ते म्हणाले, "दफ़्तर में घंटी बजाते-बजाते मेरा हाथ दुख जाता है, चपरासी नहीं आता. और ये देखिए!" वजीर पुन्हा आला. ह्या वेळी साहेबांनी त्याच्या गळ्यातच हात टाकला. यज्ञेश्वर त्यांना पाणी द्यायला पुढे झाला तर वजीर त्याच्यावर गुरगुरला. साहेबांना फारच भरून आलं.

एव्हाना चारूच्या लक्षात सगळा घोटाळा आला होता. पदरात तोंड लपवून ती हसत होती. अंबिकाबाईंनाही दूधवाल्याचं कोडं उलगडलं.

निघताना साहेब म्हणाले, "आपका नाम तो मैंने उज्जैन में ही रखा है, चिंता मत कीजिए. बस, एक बात..." वजीर बसला. "मैं भोपाल जा रहा हूँ. बँगला एकदम सुनसान जगह में है. इसको मुझे दे दीजिए."

यज्ञेश्वरला वाटलं, महाकाळानं एका दमात दोन नवस ऐकले. आपण उज्जैनला, कुत्रा भोपाळला! त्यानं तोंड उघडायच्या आत अंबिकाबाईच म्हणाल्या, "ले जाइए, ले जाइए! आपकाच है!"

चारूचं हसणं थांबलं. साहेबांना नाही म्हणता येत नव्हतं, सासूबाईंपुढे बोलता येत नव्हतं. ती वजीरपाशी खाली बसली आणि ग्वाल्हेरच्या आपल्या साफ हिंदीत म्हणाली, "साहब, इसे हिंदी नहीं आती."

"कैसे नहीं आती? अभी तो सब समझ रहा था!"

"बुलाकर देखिए."

साहेब दारापाशी उभे राहून गरजले, "आओ! इधर आओ! चलो! बैठो!" वजीरनं कान खाजवला. इकडे चारू नुसतं "ये" म्हणाली आणि तो तिच्या कुशीत शिरला.

साहेब विचारात पडले. साहेब लोक विचारात पडले की कुणाची तरी बदली होते. "इसका मतलब," ते म्हणाले, "इसके साथ कोई मराठी जानने वाला चाहिए."

"जी हाँ," चारू चटकन म्हणाली. वजीर परक्या मुलखात एकटा पडणार, त्याला कुणी समजून घेणार नाही, ह्या एकाच काळजीनं तिचा जीव कासावीस झाला होता. तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "इनको ले जाइए न."

भाषावार प्रांतरचनेचा खल दिल्लीत बरीच वर्षं चालला होता. उज्जैनच्या पागनिसांच्या बैठकीत तो तेवढ्यात निकालात निघाला. यज्ञेश्वर कुत्र्याचा दुभाषी म्हणून भोपाळला गेला.

निघायच्या आधी कचेरीत मात्र बोभाटा झाला की पागनीसनं साहेबांना खिशात घातलं. "काय खाऊ घातलं रे?" श्रीधरनं विचारलं. "साहेब म्हणून राहिलेत, पागनीसशिवाय माझं भोपाळला चालणारच नाही." यज्ञेश्वर कसनुसा हसला. खरं कारण सांगण्यापेक्षा वशिल्याची अफवा बरी होती.

स्टेशनवर चारूनं वजीरच्या गळ्यात पडून रडून घेतलं. यज्ञेश्वर डब्याच्या दारात आपली पाळी येईल म्हणून उभा होता. गाडी सुटली तेव्हा ती खिडकीबरोबर चालत म्हणाली, "अहो, त्याला भिजवलेली पोळी देत जा. कोरडी नाही खात तो." यज्ञेश्वरनं मान हलवली. त्याला फार वाईट वाटलं होतं.

भोपाळला पोचल्यावर दुबेबाईंनी वजीरला दारातूनच परत पाठवलं. त्यांचं सोवळं कडक होतं. दुबेसाहेबांनाही बोलायची सोय नव्हती, कारण हुकूम त्यांच्या घरी तर मुळीच चालत नसत. शिवाय त्यांच्यामागे दुसरीच विवंचना लागली होती. नव्या राज्यात चार जुनी राज्यं आली होती आणि एकेका खुर्चीवर चौघांचा हक्क होता. दुबेसाहेब उजाडता कचेरीत जाऊन खुर्ची धरून बसत आणि दिवे लागेपर्यंत उठत नसत. पाणी प्यायलासुद्धा. उठलं की रीव्याचे साहेब येऊन बसतील, ही धास्ती.

तेव्हा वजीर यज्ञेश्वरच्या बराकीत आला. त्या खोलीत आणखी दोन कारकून होते, एक रीव्याचा, एक रायपूरचा. चारू नसल्यामुळे वजीरला राखायला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यानं यज्ञेश्वरला राखायला घेतलं. रीव्याचा कारकून यज्ञेश्वरच्या खाटेवर टेकायला गेला तर त्याचं धोतर फाटलं. रायपूरच्यानं यज्ञेश्वरचा साबण उचलला आणि सबंध संध्याकाळ तो साबण हातात धरून भिंतीला चिकटून उभा राहिला. आठवडा व्हायच्या आत दोघंही दुसऱ्या खोलीत चौथे आणि पाचवे म्हणून राहायला गेले. सगळ्या बराकीत स्वतंत्र खोली एकट्या यज्ञेश्वरला होती.

तो कचेरीतून यायचा तेव्हा वजीर दारात असायचा. तो जेवायला बसला की समोर, अंघोळीला गेला की बाहेर, झोपला की पायावर डोकं. घोरण्याबद्दलही आता तक्रार नव्हती. यज्ञेश्वर त्याच्याशी बोलू लागला. चारूला सांगायचं राहून गेलेलं सगळं त्यानं वजीरला सांगितलं. पहिल्यांदा त्याचा आवाज विनवणीचा होता, मग तो सरळ झाला, आणि मग चक्क खणखणीत झाला. उज्जैनहून चारूची पत्रं येत. त्यांत वजीरच्या पोटाची, कानांची आणि पिसवांची चौकशी असे आणि शेवटी कोपऱ्यात "तुम्हीही जपा" एवढं असे. यज्ञेश्वर तो कोपरा पुन्हा पुन्हा वाचायचा.

मार्गशीर्षात एक पत्र आलं की मला आता त्याच्याविना करमत नाही, त्याला न्यायला येते, मंगळवारच्या गाडीनं लगेच परत फिरेन. यज्ञेश्वरला क्षणभर "त्याला" म्हणजे आपल्याला असं वाटलं. मग पुढची ओळ वाचली. तीत साखळीबद्दल विचारलं होतं.

रविवारी तो वजीरला घेऊन स्टेशनवर गेला. चारू लाडवांचा डबा आणि वळकटी घेऊन उतरली. ती थोडी वाळली होती आणि यज्ञेश्वरला फारच सुंदर दिसली.

"वजीर!" ती ओरडली.

वजीरनं शेपूट हलवलं. तिचे हात चाटले, पायांभोवती दोन फेऱ्या मारल्या, सगळं रीतीप्रमाणे केलं. चारूचे डोळे पाण्यानं भरले. मग डबा द्यायला ती नवऱ्याकडे वळली, आणि वजीर मधे येऊन उभा राहिला. तिनं आणखी एक पाऊल टाकलं. वजीर घशातल्या घशात गुरगुरला.

चारू जागच्या जागी थिजली. "हा... हा माझ्यावर गुरगुरून राहिलाय?"

"असा नाही करत तो. म्हणजे सगळ्यांवर करतो. पण मला कुणी..." यज्ञेश्वर गडबडला.

"तुम्हाला कुणी काय?"

"मला कुणी हात लावलेला त्याला चालत नाही."

"चालत नाही?" चारूचा चेहरा लाल झाला. तिनं डबा फलाटावर आपटला. "अरे, नवरा कुणाचा आहे हा? तुझा की माझा?"

हे ती इतक्या जोरात म्हणाली की हमाल थांबले, एक चहावाला किटली घेऊन बघत राहिला. लग्नाला सात-आठ महिने झाले होते, पण यज्ञेश्वर कुणाचा आहे हे आजवर कुणीच इतक्या ठासून सांगितलं नव्हतं. त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चारूनं वजीरला गुडघ्यानं बाजूला सारलं आणि भर फलाटावर, चारचौघांत, नवऱ्याचा दंड घट्ट धरला. टांग्यातही तिनं तो सोडला नाही. वजीर टांगेवाल्याशेजारी बसला आणि वाटभर मागे वळून वळून गुरगुरत राहिला. तो गुरगुरला की ती आणखी जवळ सरकायची.

सोमवारी तिनं खाटेची जागा बदलली. यज्ञेश्वरच्या डाव्या बाजूला वजीर बसला की ती उजवीकडे बसे. वजीर उजवीकडे आला की ती त्याच्याही आधी डावीकडे. मंगळवारी दुपारी गाडीची वेळ होत आली तरी वळकटी बांधायची काही चिन्हं दिसेनात. शेवटी यज्ञेश्वरनं भीत भीत विचारलं, "टांगा बोलवू ना? वजीरला घेऊन निघायचंय ना तुला?"

"डोकं फिरलंय का तुमचं?" चारू म्हणाली. ती सासूबाईंना पोळपाट, लाटणं आणि तवा कुणाबरोबर तरी पाठवून द्या म्हणून कार्ड लिहीत होती. "त्याला नेलं तर तुमच्यापाशी कोण? आणि त्याला ठेवलं तर तुम्ही पूर्णच त्याचे. मी इथून हलत नसते."

यज्ञेश्वरनं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली, लाडवांचा डबा उघडला, आणि बायकोची पाठ वळलेली पाहून एक मोठासा लाडू खाटेखाली वजीरच्या तोंडापाशी ठेवला.